नवऱ्याचं काम

"हलू नकोस गं, मिशी गालावर जाईल," हौसा म्हणाली आणि तिनं डाव्या हातानं माझी हनुवटी घट्ट धरली.

बालवाडीच्या खोलीत आमची तालीम चालली होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीसमोर नाटक करायचं होतं. नवऱ्याचं काम माझ्याकडे, बायकोचं हौसाकडे. काजळात खोबरेल घोळवून हौसा माझ्या ओठावर मिशी काढत होती आणि नलूताई जमिनीवर पसरलेल्या कापडावर खडूनं अक्षरं आखत होत्या. 'परित्यक्ता' हा शब्द त्यांनी तीनदा पुसला होता. कापड संपायचं, पण शब्द संपायचा नाही.

"'टाकलेल्या' लिवा की सरळ," हौसा म्हणाली.

"सरकारला टाकलेल्या कळत न्हाईत," नलूताई मान वर न करता म्हणाल्या.

तेवढ्यात दारात आबा दिसले. माझे वडील बायकांच्या बैठकीकडे कधी फिरकत नसत. रस्त्यानं जातानाही तोंड दुसरीकडे करून जायचे. आता ते उंबऱ्याबाहेर उभे होते आणि त्यांना धाप लागली होती. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

"शालन, घरी चल."

"तालीम चाललीय, आबा. उद्या..."

"पावनं आल्यात."

"कोण पावनं?"

आबांनी आधी नलूताईंकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे.

"तुझं," ते म्हणाले.

हौसाचा हात माझ्या हनुवटीवरून गळून पडला. मी उठले, चपला कुठं आहेत ते मला दिसेना, तशीच अनवाणी आबांच्या मागं निघाले. पाणंदीत निम्म्या वाटेवर गेल्यावर मला मिशीची आठवण झाली. मी पदरानं ओठ खसाखसा पुसला, तर काजळ नाकापासून गालापर्यंत पसरलं.

"पुसू नकोस, आनिक काळं व्हतंय," आबा म्हणाले. "पदर घे तोंडावर."

मी पदर घेतला. आबा पुढं झपाझप चालत होते. मी माहेरी येऊन राहिले त्या सात वर्षांत त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं.

आमच्या भागात पाऊस कमी आणि शेतात दगड जास्त. घरटी एक माणूस गलाईला बाहेर पडलेला असतो. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या गावचे लोक त्यासाठी पार कलकत्त्यापासून केरळपर्यंत दुकानं टाकून बसले आहेत. माझे मालक तमिळनाडूत सेलमला होते. लग्नानंतर दीड वर्ष मी सासरी नांदले, ते अधूनमधून यायचे. त्यानंतर मी माहेरी होते ती होतेच. तिकडं त्यांनी एक बाई ठेवलीय, असं गलाईहून येणारे लोक सांगायचे. खरं-खोटं विचारायला मी कुणाला गेले नाही.

माहेरी बसल्या बसल्या मी लिहायला लागले. नववीपर्यंत शिकलेली होते. आधी नलूताईंच्या बालवाडीतल्या पोरांसाठी गाणी रचली, मग बायकांसाठी. एक गोष्ट पुण्याच्या मासिकात छापूनही आली होती. नलूताई स्वतः नवऱ्यानं सोडलेल्या. त्यांनी तालुक्यातल्या अशा बायका गोळा करायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच बैठकीला मला नेलं. तिथं प्रत्येकीनं आपापलं सांगायचं होतं. हौसानं केस बाजूला करून टाळूवरची खोक दाखवली, तिच्या डोक्यात जळतं लाकूड घातलं होतं. एकीला रॉकेलच्या डब्यासकट घराबाहेर काढली होती. माझी पाळी आली.

"मला त्यांनी कधी बोट लावलं न्हाई," मी म्हणाले.

"शिव्या देत हुता?"

"न्हाई."

"पीत हुता?"

"न्हाई."

"मग झालं काय?"

"काय झालं न्हाई," मी म्हणाले. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, मी चुकून भलत्याच खोलीत येऊन बसले आहे.

नाटक लिहिताना म्हणूनच मी इतर बायकांच्या नवऱ्यांचा एक नवरा केला. हौसाच्या नवऱ्याच्या शिव्या, दुसरीच्या नवऱ्याची चाल, तिसरीच्या नवऱ्याचं दारू पिऊन रडणं. त्याचं नाव ठेवलं गणपत. गावोगाव हा गणपत बायकांना फार आवडायचा. मी झिंगत आत आले की हसून हसून त्यांचे पदर डोळ्याला लागायचे. माझ्या स्वतःच्या नवऱ्याचं त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांचं काय लिहायचं, तेच मला सुचत नव्हतं.

सोप्यात बाजेवर माझे मालक बसले होते, शेजारी त्यांचे चुलते, तात्या. मालक जरा सुटले होते. पुढचे केस विरळ झाले होते, बोटात अंगठी होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"बरी हाईस न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी पदराआडून मान हलवली.

"सुनबाई, पदर कशाला? घरचीच मानसं हाईत की," तात्या म्हणाले.

आई आतल्या दारातून नको-नको म्हणून खुणावत होती. पण मी पदर काढला. तात्या बघतच राहिले. आणि ते, माझे मालक, हसले. त्यांचं हसणं मला आठवत होतं तसंच होतं, आवाज नाही, फक्त खांदे हलायचे. ते हसले आणि मग मलाही हसू आलं. इतकी वर्षं हा माणूस समोर आला तर काय काय बोलायचं, ते मी मनात शंभरदा रचलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. काळ्या तोंडानं मी नुसती हसत उभी राहिले.

"झालं गेलं गंगेला मिळालं," तात्यांनी सुरुवात केली. "पोरगा न्यायला आलाय. तिकडं खोली घेतलीय त्यानं, पाण्याचा नळ हाय घरात. उद्याच निघायचं. मिरजेवरनं रातची गाडी हाय."

आबा दारातच उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. आत आईनं चुलीवर कढई ठेवल्याचा आवाज आला. घरात जालिंदरच्या, माझ्या भावाच्या, लग्नाचं चाललं होतं. दोन ठिकाणं 'बहीण घरात हाय' म्हणून मोडली होती. मला सगळं कळत होतं. आणि मी खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. नळ असलेल्या खोलीत मी कशी वावरेन, हे मी उभ्या उभ्याच बघायला लागले होते.

"उद्या दुपारी माझं काम हाय," मी म्हणाले. "ते झाल्यावर निघू."

"कसलं काम?" तात्यांनी विचारलं.

"कचेरीसमोर बायका जमणार हाईत. तिथं नाटक हाय आमचं."

"नाटक?" तात्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ते काय न्हाई," आबा घाईनं म्हणाले, "दुसरी कोनबी करंल..."

"असू द्या की," माझे मालक म्हणाले. "गाडी रातची हाय. दुपारनं निघालं तरी मिळतीय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहितीस म्हणं तू. चांगलं हाय. तिकडं दिवसभर येळच असतो. लिही की घरात बसून. उद्या मी पन बघीन तुझं नाटक."

ते इतकं साधं बोलले की माझा जीव आणखीच घाबरा झाला. ओरडले असते तर काय करायचं, ते मला ठाऊक होतं.

तोंड धुतलं, त्यांना जेवायला वाढलं, पण माझं चित्त एका जागी राहीना. पाणी आणायला म्हणून घागर घेतली आणि तशीच नलूताईंकडे गेले. हौसा अजून तिथंच होती. मी जे झालं ते सांगितलं.

"मग?" हौसा म्हणाली.

"मग उद्या नाटक झालं की निघायचं."

हौसा उठून उभी राहिली. "म्हंजे तिनशे बायांसमोर नवऱ्याला शिव्या घालायच्या आन् मग पिशवी घेऊन त्याच्याच मागनं ष्टँडवर जायचं? बाया काय म्हनतील? आमी काय म्हनायचं त्येंना?"

"हौसा, बस खाली," नलूताई म्हणाल्या.

"न्हाई बसत. मी हिच्यासंगं सा महिनं गावं पालथी घातली. माझ्या भावानं मला घरात घेतली न्हाई त्यापायी."

"तिला जायचं असंल तर ती जाईल. आपुन काय तिच्या सासूच्या जागी हाय व्हय?" नलूताईंनी कापडाची घडी घातली आणि मग मला विचारलं, "का आलाय तो?"

"न्यायला."

"ते कळलं. आत्ताच का आलाय? सात वर्सं का आला न्हाई?"

"इचारलं न्हाई."

"इचार की."

"आन् इचारल्यावर ते उठून गेलं तर?"

हौसा माझ्याकडे बघत होती. तिचा राग उतरला होता आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं, ते मला रागापेक्षा जास्त लागलं. मी रिकामीच घागर उचलून परत निघाले, अर्ध्या वाटेतून पुन्हा आडाकडे वळले. त्या संध्याकाळी मी घर ते आड किती खेपा केल्या कुणास ठाऊक. रांजण भरून वाहिला तरी मला बसवेना. आईनं माझी पत्र्याची ट्रंक काढून पुसून ठेवली होती आणि त्यांनी आणलेली हिरवी साडी घडी न मोडता वर ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बायका एसटीनं आल्या, कुणी टेंपोत उभ्या राहून आल्या. कचेरीच्या आवारात लिंबाखाली दाटी झाली. मागणी एकच होती, आम्हाला वेगळं रेशन कार्ड द्या. भावाच्या कार्डावर आमचं नाव चढत नव्हतं आणि नवऱ्याच्या कार्डावर नाव असून खायला मिळत नव्हतं. मागच्या खेपेला कचेरीतले साहेब म्हणाले होते, "नवऱ्यानं टाकलं याला पुरावा काय? कोर्टाचा कागद आणा." कोर्टाचं तोंड पाहिलेली आमच्यात एक नव्हती.

साहेब आज पायरीवर येऊन उभे होते. नलूताईंनी थाळी वाजवली आणि नाटक सुरू झालं.

मी झिंगत रिंगणात आले. पहिल्या शिवीलाच बायका खदाखदा हसल्या. पायरीवरचा शिपाई हसला, साहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. मी धोतराचा सोगा सांभाळत हौसाभोवती चक्कर मारली आणि तेव्हा मला माझे मालक दिसले. रसाच्या गाड्याशेजारी आबा आणि तात्यांबरोबर उभे होते. तात्या तोंड वाकडं करून दुसरीकडे बघत होते. मालक मात्र मन लावून बघत होते आणि हसत होते. त्यांचे खांदे हलत होते.

गणपत त्यांना फार आवडला होता. का नाही आवडणार? दारू पिणारा, मारणारा, शिव्या देणारा असा कुणीतरी दुसराच माणूस होता तो. त्याचा आणि त्यांचा काही संबंधच नव्हता.

पुढचा प्रसंग हौसाला केसाला धरून बाहेर काढायचा होता. "चल, नीघ माझ्या घरातनं!" असं ओरडायचं. मी हौसाच्या केसाला हात घातला आणि तोंडातून शब्द फुटेना.

"म्हण की," हौसा दबक्या आवाजात म्हणाली. "नीघ म्हण."

मी तिचे केस सोडले. बायका शांत झाल्या, त्यांना वाटलं मी विसरले. मी झिंगणं थांबवून सरळ उभी राहिले. हौसाची कापडी पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "चल, फाट्यापतूर सोडतो. तुझ्या माहेरला जाऊन ये."

हौसा गोंधळली, पण माझ्या मागं चालू लागली. रिंगणाच्या मधोमध मी थांबले. पिशवी खाली ठेवली, आधी फुंकर मारून जागा झाडली. तिचा हात धरून तिला बसवलं. तांब्यातलं पाणी दिलं. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो वर घेतला.

"हितं सावलीला बस," मी म्हणाले. "ऊन लई हाय. तुझा भाऊ येईल न्यायला. मला गाडी गाठायचीय." मग जाता जाता मागं वळून म्हणाले, "आठ दिवसांनी येतो मी न्यायला."

एवढंच. एवढंच झालं होतं. आमच्या गावच्या फाट्यावर, वैशाखात, भरदुपारी. त्यांनी मला केळी घेऊन दिली होती. मी त्या दिवशी हसत माहेरी आले होते.

मी रिंगणाच्या कडेला जाऊन पाठ करून उभी राहिले. मागं काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं, ते नंतर हौसानं सांगितलं. हौसाला पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं, त्यामुळे ती नुसती बसली. बसूनच राहिली.

मग पुढच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला. "न्हाई येत त्यो, बाई. ऊठ."

"मला दिवाळी झाल्यावर येतो म्हनला हुता," दुसरी कुणीतरी म्हणाली.

"मला बाळंतपनाला धाडली. पोरगं साळंला जातंय आता."

"पत्र टाकतो म्हनला मला. पत्ताबी लिहून घेतला माझ्याकडनं."

एक बोलली की दुसरी. उभं राहून, बसल्या जागेवरून, मागून, झाडाखालून. कुणी रडत नव्हतं. बाजाराचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. ज्या बायका आजवर बैठकीत एक शब्द बोलल्या नव्हत्या त्या बोलत होत्या, कारण त्यांनाही कुणी मारलं नव्हतं आणि सांगण्यासारखं त्यांच्याकडेही काही नव्हतं. नलूताई थाळी मांडीवर ठेवून ऐकत होत्या. पायरीवरचे साहेब दोन पायऱ्या खाली उतरले आणि तिथंच थांबले.

"साहेब," नलूताई उठून म्हणाल्या, "ह्याचा कागद कुठल्या कोर्टात मिळतो?"

साहेब मागं वळून कारकुनाला म्हणाले, "टेबल बाहेर आण. एकेकीचं लिहून घे."

मी वळले तेव्हा हौसा अजून पिशवीशेजारी बसलेली होती. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली. मी रसाच्या गाड्याकडे पाहिलं. आबा तिथं नव्हते. तात्याही नव्हते. ते एकटे उभे होते.

मी त्यांच्याकडे गेले. गाड्याच्या मागं उसाच्या चिपाडांचा ढीग होता, त्याच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. माझ्या अंगावर धोतर होतं, त्याचं त्या क्षणी मला काही वाटलं नाही.

"ते तू माझं केलंस," ते म्हणाले.

"व्हय."

"मी येनार हुतो गं. खरंच येनार हुतो." ते चिपाडांकडे बघत बोलत होते. "आठ दिवसांनी दुकानात काम निघालं. मग महिना गेला. मग वाटलं, आता जाऊन काय सांगायचं? जितकं दिवस गेलं तितकी ज्यास्त लाज वाटाय लागली."

"आन् ती बाई?"

"ती नंतर. तवा न्हवती ती."

ते खरं बोलत होते, ते मला कळत होतं. म्हणूनच मला ते आणखी जड गेलं.

"मग आता का आलाय?" मी विचारलं.

त्यांनी अंगठी बोटातल्या बोटात फिरवली. "ती वारली. गेल्या पावसाळ्यात. पोरं हाईत दोन. थोरली पाच वर्सांची, सेल्वी. धाकटा अजून बोलत न्हाई नीट. बाई ठेवली कामाला, पन ती मारती त्येंना." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तू चांगली हाईस. तू मारनार न्हाईस."

मला वाटलं होतं ऐकून राग येईल. नाही आला. मी त्या पोरीचं नाव मनात म्हणून पाहिलं. तिला मराठी येत नसणार. मी तिला काय म्हणून हाक मारली असती, तिनं मला काय म्हटलं असतं, हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. पाय निघतो की काय असं झालं. तिकडं टेबलाभोवती बायकांचा गलका चालला होता, कारकून एकीला नवऱ्याचं नाव विचारत होता आणि ती नाव घ्यायला लाजत होती, बाकीच्या तिला हसत होत्या.

हा माणूस वाईट नव्हता. पण तो मला न्यायला आला नव्हता. आणि हे त्यांनी काल सोप्यात बसून सांगितलं नव्हतं. मी सेलमला पोचल्यावर, दार उघडल्यावर, मला कळणार होतं. तेव्हाही ते असंच मऊ बोलले असते.

"मी येत न्हाई," मी म्हणाले.

"आत्ता न्हाई आलीस तरी..."

"आत्ता न्हाई आन् मागनंबी न्हाई. मी येणार न्हाई. वाट बघू नका."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांना आणखी काही वेळ उभं राहायचं होतं, पण मीच वळून निघाले. टेबलापर्यंत गेले आणि रांगेत उभी राहिले.

संध्याकाळी घरी आले तर आबा पाव्हण्यांना मिरजेच्या एसटीत बसवून परतले होते. सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. सगळ्यांनी जेवून निघावं म्हणून आईनं स्वयंपाक केला होता, तो तसाच झाकून ठेवलेला होता.

"पोरांपायी तरी जायचं हुतंस," आबा म्हणाले.

मी ट्रंकेवरची हिरवी साडी उचलत होते. हात तिथंच थांबला.

"तुमाला पोरांचं ठावं हुतं?"

आबांनी मान हलवली.

"कवापासनं?"

"काल आल्या आल्या सांगितलं तात्यानं. तू बालवाडीत हुतीस." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिथं गेल्यावर तुला कळंलच, आन् पोरं बघितल्यावर तू काय माघारी यायची न्हाईस, असं म्हनला तात्या. मलाबी तसंच वाटलं."

"आई, तुला?"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही.

मी आबांशी भांडले नाही. ट्रंक आवरलेलीच होती. हिरवी साडी बाजूला काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक डोक्यावर घेऊन बालवाडीशेजारच्या खोलीत राहायला गेले. हौसा माझ्याबरोबर राहायला आली. जालिंदरचं लग्न त्याच वर्षी झालं. मी लग्नाला गेले, जेवले आणि परत आले. आबा माझ्याशी बोलले नाहीत.

कचेरीत त्या दिवशी लिहून घेतलेल्यावर वर्षभर काही हललं नाही. आम्ही तीनदा जाऊन बसलो. शेवटी गावातल्या पाच बायकांनी साक्ष दिली तर कार्ड द्यायचं, असं आमच्या तालुक्यापुरतं ठरलं. माझं कार्ड आलं, त्यावर वर माझंच नाव होतं आणि खाली बाकी कुणाचं नव्हतं. मी साखर आणि रॉकेल घेऊन आले आणि ते पिवळं कार्ड सारखं उघडून बघत बसले.

त्या नाटकातून गणपतला मी काढून टाकलं. नवऱ्याचं सगळं काम पुन्हा लिहिलं, त्यात शिवी एकही नव्हती. ते करायला अवघड जायचं. बायका हसत नसत आणि प्रयोग संपल्यावर बराच वेळ उठत नसत. पुढं मी इतर बरंच लिहिलं. त्यातल्या काहींची पुस्तकं झाली.

कार्ड मिळाल्याला महिना झाला असेल, एका दुपारी दारात आबा उभे दिसले. वाकून आत आले, खोलीभर नजर फिरवली. हौसा शेतावर गेली होती. मी पोतं अंथरलं, त्यावर ते बसले. मी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला.

"त्या पोरांचं तुला काईच वाटलं न्हाई?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"वाटलं की. आजून वाटतं."

"मग?"

"मग काय, आबा. वाटतं."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारून एक घोट घेतला. मग मान खाली घालून राहिले.

"मी तुला सांगाय पायजे हुतं," ते म्हणाले.

बाहेर बालवाडीची पोरं सुटली होती, त्यांचा ओरडा खोलीत येत होता. आबांनी बशी संपवली.

"साखर लई घालतीस," ते म्हणाले आणि कप पुढं केला. "दे आनिक अर्धा."